प्रश्न नववा: मास्तरांची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना प्रश्नसंच आहे. चार पानं, कोपऱ्यात पिन, आत वीस प्रसंग. नोकरीला आलेल्या माणसाला मी विचारतो, "असं झालं तर तुम्ही काय कराल?" चारांतल्या एका उत्तरावर खूण करायची. त्यावरून तो पुढे काम कसं करील हे ओळखायचं.

जन्म माझा चांगल्या जागी झाला. मला लिहिणाऱ्या बाई वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत आठवडाभर स्टूल टाकून बसल्या. तिथली सगळ्यांत जुनी मदतनीस चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आमचे इथले म्हातारे मास्तर आंघोळीला नाही म्हणाले की मी नाद सोडते. अर्ध्या तासाने जाऊन म्हणते, पाणी निवतंय हो. मग येतात गुमान." तो माझा नववा प्रश्न झाला.

उत्तरं मात्र वरच्या मजल्यावर ठरली. काम करणाऱ्या बायकांना विचारायचं राहूनच गेलं. तीन साहेबांनी चहा पिता पिता खुणा केल्या. नवव्याला 'वरिष्ठांना ताबडतोब कळवीन' हे बरोबर. 'थोड्या वेळाने पुन्हा जाईन' हे चूक.

दोन वर्षं माझं कौतुक झालं. निवड कशी झटपट होते, म्हणायचे. मीही फुगलो. मग तात्पुरत्या मदतनिसांची परीक्षा ठरली. पास तो कायम, नापास तो घरी. धुलाईखोलीतली ती जुनी मदतनीसही माझ्यासमोर बसली. कामाला लागून अकरा वर्षं झाली होती तिला, तरी तात्पुरतीच. नववा प्रश्न वाचून हसली, "अगंबाई, हे तर आमचे मास्तर," आणि 'थोड्या वेळाने पुन्हा जाईन'वर खूण केली.

एका गुणाने गेली.

"साहेब, चुकलं कुठं तेवढं तरी सांगा."

"उत्तरं दाखवत नाही आम्ही, मावशी."

तिच्या जागी आलेल्या मुलीला वीसपैकी वीस मिळाले. पोर गुणी आहे, तिला दोष नाही. मास्तर नाही म्हणाले की ती वर कळवते, वहीत नोंद करते. ती वही कपाटात माझ्याच शेजारी असते. या आठवड्यात चार नोंदी झाल्या. मास्तरांची आंघोळ एकदाही नाही.

मी दिलेले गुण आणि ती वही शेजारी ठेवून कुणी पाहिलेलं नाही. उद्या नव्या भरतीसाठी माझ्या साठ प्रती निघणार आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माणसं निवडाल. तेव्हा माझी उत्तरं ठरवण्याआधी धुलाईखोलीत जाऊन बसा. मी दिलेले गुण जपून ठेवा, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाच्या कामाशी ताडून पाहा. जुळले नाहीत तर मला खुशाल फाडा. मला दुखणार नाही. मी कागद आहे.