ह्वाङबाईंचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना लाल ढोल आहे, आणि मी रागावलेलो आहे. गोड बोलून आत्मवृत्त सांगणारे दुसरे पुष्कळ असतील. मला ते जमणार नाही.

माझा जन्म तैवानमधल्या तैनान गावचा. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाचे पोट घडवून माझ्या दोन्ही तोंडांवर कातडे ताणले आणि ते खिळ्यांनी पक्के ठोकले. ह्वाङबाईंनी मला बोटीने हॅम्बर्गला आणले. तिथे एका व्यायामशाळेत त्या दर शनिवारी आपल्याकडचे लोकनाच शिकवत. चहाची पाने खुडण्याचा नाच सगळ्यांचा लाडका. नर्सा यायच्या, गोदीतले कारकून यायचे. बाई माझ्यावर टिपऱ्या मारत आणि ते अवघडलेले पाय हळूहळू मोकळे होत. फार सुखाचे दिवस होते ते.

व्यायामशाळा ज्या फेराइनची, म्हणजे मंडळाची होती, त्याचे अध्यक्ष हेर क्रूगर, म्हणजे क्रूगरसाहेब. १९६१च्या वसंतात मंडळाच्या जलशात बाईंचा नाच पहिल्यांदाच मोठ्या मंचावर होणार होता. त्याच दुपारी या महाशयांनी माझ्यावर बिअरचे मग मांडले! बिअर सांडली, कातडे भिजले आणि माझा आवाज पार बसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुण्याहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला भास्कर बाईंच्या वर्गात होता. त्याला माझी दया आली, आणि तीच मला भोवली.

"याला शेकायला हवं," तो सोबत नाचणाऱ्या सुलेखाला म्हणाला. "आपल्याकडे डफ शेकतात ना? गेनाऊ, अगदी तसंच."

"अरे, बाईंना विचार तरी आधी!"

"त्यात काय विचारायचंय?"

डफ हातात धरून क्षणभर शेकतात. या शहाण्याने मला कोळशाच्या शेगडीला टेकवले आणि तो गप्पा मारत बसला. कातडे टर्रकन फाटले.

हेर क्रूगर हसले. "टेप लावा की! लोकांना काय कळतंय?"

"मला कळतं," बाई म्हणाल्या.

भास्करची मान खाली गेली. "चुकलं माझं, बाई."

बाईंनी मला उलटे केले, दुसऱ्या तोंडावरून तळवा फिरवला आणि टिपऱ्या त्याच्याच हातात दिल्या. "आता तू वाजव."

तो वाजवत राहिला, बाई नाचल्या, आणि सारे सभागृह उभे राहिले.

पुढे बाई मायदेशी परतल्या. नवे विद्यार्थी शिकतील, या भरवशावर त्यांनी मला मंडळाकडे सोपवले. एकानेही मला हात लावला नाही. कोपऱ्यात ठेवून माझ्यावर पितळी पाटी मात्र ठोकली: 'जपानी ढोल'. जपानी! इतकी वर्षे बाईंकडून नाच शिकून त्यांचा देश कोणता, एवढेही या लोकांना ठाऊक नाही?

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. धूळ नंतर पुसा. आधी ती पाटी उखडा आणि तिथे बाईंचे नाव लिहा.