ते बटण नव्हतं हो!

मी कोळी बोलतेय. तुमचं किंचाळून झालं असेल, तर ऐका.

आधी एक सांगते. मी जाळं लावत नाही. छताच्या कोपऱ्यातलं ते धुळकट जाळं काडीपायाच्या दुसऱ्याच कोळ्याचं आहे. जाळं त्याचं नि झाडू माझ्यावर! मी चपटी, तळहाताएवढी, भिंतीवर पळून झुरळं पकडणारी. या उबदार हवेत झुरळांना तोटा नाही, म्हणून माझं पोट भरतं. त्याबद्दल कुणी आभार मानावेत असं नाही. पण निदान चप्पल तरी उगारू नये.

जन्म कापडाच्या गोदामातला. एका ताग्यात लपून मी शिंपीणबाईंच्या दुकानात आले. भिंतीवर खिळ्यांना कापड बेतायचे कागदाचे नमुने टांगलेले असत; त्यांतल्या कोटाच्या मोठ्या नमुन्यामागे मी बिऱ्हाड थाटलं.

यंदा अंडी झाली. रेशमाची पांढरी, चपटी, गोल पिशवी विणून मी ती त्यात ठेवली आणि पोटाशी धरून बसले. खाणंपिणं सोडलं. बरोबर करतेय की नाही, कोण जाणे. विचारणार कुणाला?

एका सकाळी दुकानात आरडाओरडा सुरू झाला. पांढरा कोट न्यायला गिऱ्हाईक दारात उभं, आणि कापड मढवलेलं एक बटण सापडेना.

‘‘तुझ्याच हातात दिली होती ना सगळी? खाल्लंस की काय?’’ बाई नणंदेवर खेकसल्या.

‘‘हो, मीठ लावून खाल्लं! वहिनी, नमुन्यामागे बघा, तिथे अडकलं असेल.’’

बाईंनी नमुना उचलला. अंगावर एकदम उजेड पडला, मी दचकले आणि पिशवी सुटून खाली मेजावर पडली.

‘‘हे बघ, मिळालं!’’ बाईंनी ती उचलली. सुईत दोरा ओवलेलाच होता.

आता काय करायचं? शिकली-सवरलेली माणसं ही! बटण समजून पिशवीला भोकं पाडून मोकळी होतील. आयुष्यभर मी उजेड टाळला. तेव्हा मात्र भर मेजावर धावत सुटले.

‘‘अगं बाई! कोळी!’’ नणंदेने लाकडी पट्टी हाणली. एक पाय तुटला. तरी मी बाईंच्या मनगटावर चढले आणि चिमटीतली पिशवी ओढू लागले.

नणंदेने पुन्हा पट्टी उगारली.

‘‘थांब गं!’’ बाईंनी हात झटकला नाही. ‘‘हे बटण नाही. मऊ लागतंय. अंडी आहेत हिची.’’

त्यांनी चिमूट सैल केली. मी पिशवी घेतली आणि लंगडत भिंतीवर चढले.

‘‘आता हिचं बाळंतपणही आपणच करायचं का?’’ नणंद पुटपुटली. गिऱ्हाईक हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नमुना अलगद जागेवर टांगला आणि दुसरं बटण मढवायला घेतलं.

हल्ली पाय कमी पडतो, तोल जातो, चिडचिड होते. पिल्लं उद्या-परवा बाहेर येतील असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

काल एकजण कोट शिवायला आला. नणंद सवयीने नमुन्याकडे हात नेऊ लागली.

‘‘राहू दे तो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी नवीन कागद कापते.’’