कोमट हीटसिंक

नवा कॉम्प्युटर घरी येऊन तीन दिवस झाले आणि यशोधराच्या लक्षात आलं, की गेममधली गाड्यांची शर्यत दर वेळी साधारण चाळिसाव्या मिनिटालाच बंद पडते. स्क्रीन गोठतो, गाडीच्या इंजिनाचा आवाज एकाच सुरावर अडकतो आणि मग सगळं काळं.

यशोधरा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होती. दिवसभर तापमानं मोजायची आणि नोंदवायची. गेमिंगचं वेड कॉलेजपासूनचं. नोकरीला दोन वर्षं झाल्यावर तिने उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या नानिकशेठच्या दुकानातून, प्रत्येक पार्ट स्वतः निवडून, हा कॉम्प्युटर बांधून घेतला होता. दोन हजार सातचा डिसेंबर होता. बदलापुरात, कात्रपच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

तिने तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर चव्वेचाळीस अंश. ग्राफिक्स कार्ड त्रेसष्ट. आणि तिसऱ्या ओळीत, चिपसेट : त्र्याण्णव.

तिने दुकानात फोन लावला.

"अरे बेटा, नया बोर्ड है, गरम ही चलता है," नानिकशेठ म्हणाला. "सबका चलता है. टेन्शन मत ले. फिर भी लगे तो ले आ, एक पंखा ठोक देंगे."

"पण का गरम होतोय, ते तर कळायला पाहिजे ना?"

"वो तो कंपनीवालों को भी नहीं पता होगा," म्हणून तो हसला आणि फोन ठेवला.

यशोधराला उत्तर पटलं नाही. तिने वही घेतली आणि शर्यत चालू ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहायला लागली.

तिचे वडील, शंकरराव, शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. अंबरनाथच्याच एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. पंप, कॉम्प्रेसर, त्यांची बेअरिंगं. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. कॉम्प्युटरकडे त्यांनी आल्या दिवसापासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण मुलगी लॉगशीट भरतेय म्हटल्यावर त्यांचा पेपर खाली आला.

"कसलं टेंपरेचर गं?"

"आतल्या एका चिपचं. त्र्याण्णव."

"वाढतच चाललंय, की कुठे जाऊन थांबतंय?"

यशोधराने वही पाहिली. एकाहत्तर, ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, त्र्याण्णव, त्र्याण्णव. "थांबतंय."

"मग हाताबाहेर जात नाहीये. कुठेतरी अडलंय." शंकरराव उठले. "ही चिप करते काय?"

"प्रोसेसर, कार्ड, मेमरी... सगळ्यांची बोलणी हिच्यातून जातात. टेलिफोन एक्स्चेंजसारखं."

"दाखव."

तिने कॅबिनेटचं दार काढलं आणि टॉर्च धरला. चिप दिसत नव्हती. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा दातेरी ठोकळा बसवला होता. चिपची उष्णता ओढून घेऊन हवेत सोडायची, एवढंच त्या हीटसिंकचं काम. शंकररावांनी शर्टाची बाही वर केली, तर्जनी हळूच त्या ठोकळ्यावर टेकवली आणि तशीच ठेवली.

"पप्पा, भाजेल!"

"अगं, हा कोमट आहे."

तिनेही बोट लावलं. खरंच कोमट. स्क्रीनवर मात्र त्र्याण्णव.

"म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलतोय," ती म्हणाली.

"किंवा मग बोट खोटं बोलतंय. माझं बोट आजवर कधी खोटं बोललेलं नाही," शंकरराव म्हणाले. "पण तुझ्या मशीनचं मला माहीत नाही. ते तू ठरव."

लॅबमध्ये एखाद्या थर्मामीटरवर शंका आली, की तो आधी माहीत असलेल्या तापमानाशी पडताळून बघायचा, हा यशोधराचा रोजचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना विचारून, वायरीच्या टोकाने तापमान मोजणारं लॅबचं छोटं मीटर घरी आणलं. मशीन रात्रभर बंद होतं. रविवारी सकाळी खोलीत तेवीस अंश होते. तिने मशीन सुरू केलं आणि विंडोज यायच्या आधीच सेटिंगचा निळा स्क्रीन उघडला. चिपसेट : सव्वीस. बघता बघता अठ्ठावीस, एकतीस.

"थंड असताना बरोबर सांगतेय," ती म्हणाली. "म्हणजे गरम झाल्यावरही बहुतेक खरंच सांगत असणार."

मग शर्यत लावून तिने वायरीचं टोक ठोकळ्याला चिकटवलं. अर्ध्या तासाने चिप त्र्याण्णव, ठोकळा एकेचाळीस. अवघ्या काही मिलिमीटरांत बावन्न अंश गायब.

"पंखा लावून काय उपयोग?" यशोधरा म्हणाली. "ठोकळा आधीच गार आहे. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये."

"टेकलेला नाही तो," शंकरराव म्हणाले आणि माळ्यावर चढले.

खाली आले तेव्हा हातात त्यांचा फीलर गेज होता : पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. दोन भागांमधली फट किती, हे कुठली पट्टी आत शिरते त्यावरून कळतं. त्यांनी प्लग काढायला लावला. जागा व्हावी म्हणून यशोधराने वीतभर लांबीचं ग्राफिक्स कार्ड उपसून बाजूला ठेवलं. शंकररावांनी सगळ्यांत पातळ पट्टी ठोकळ्याच्या चारही कडांनी फिरवली. कुठेही शिरली नाही.

"पक्का बसलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

कार्ड परत लावलं, मशीन सुरू केलं. पुन्हा त्र्याण्णव. यशोधराची आई, माया, जेवायला तीनदा हाका मारून थकली होती. ती दारात येऊन म्हणाली, "दुकानदाराला परत द्या आणि मोकळे व्हा."

दोघंही हलले नाहीत. शंकरराव मांडीवर बोटं वाजवत होते. एकदम थांबले.

"यशू, आपण फट बघितली तेव्हा ते कार्ड कुठे होतं?"

"बाहेर काढलं होतं."

"हेच चुकलं. बेअरिंग कधी रिकाम्या मशीनवर तपासतात का? लोडवर बघायचं असतं. कार्ड आतच राहू दे, नुसता प्लग काढ."

या वेळी जागा इतकी अडचणीची होती, की पट्टी यशोधरालाच धरावी लागली. मागच्या डाव्या कोपऱ्यात ती सहज आत सरकली. तिने टॉर्च तिरपा केला आणि मग दिसलं : कार्डाची लांब कड ठोकळ्याच्या समोरच्या कोपऱ्यावर दाबून बसली होती. ठोकळा धरून ठेवणाऱ्या दोन्ही खिळ्यांना स्प्रिंग होत्या. पुढे दाब आला, की मागची बाजू चिपवरून उचलली जायची. केसाएवढी फट.

"सी-सॉ झालाय नुसता!" ती ओरडलीच.

बोर्डावर तसलंच दुसरं कार्ड बसवायला खाली आणखी एक खाच होती. तिने कार्ड तिथे हलवलं. ठोकळा मोकळा झाला. चारही बाजूंनी पट्टी अडली. मग दोघांनी पुन्हा वही घेतली. पाऊण तास शर्यत चालली, आणि चिप बासष्टवर जाऊन थांबली. ठोकळा आता चांगलाच गरम लागत होता आणि त्याचाच शंकररावांना आनंद झाला होता. जेवणं चार वाजता झाली.

सोमवारी कामावरून सुटल्यावर यशोधरा वही घेऊन नानिकशेठकडे गेली. त्याने आधी आकडे बघितले, मग काउंटरवरचं तसलंच एक मशीन उघडून स्वतः आत टॉर्च मारला.

"ऐसे दो पीस और गए हैं," तो म्हणाला. "मैं बोल रहा था, सबका गरम चलता है. सबका मतलब, जिनको मैंने ही बेचा." त्याने तिच्यासमोरच दोघांनाही फोन लावले. एक जण मशीन दुकानातच आणणार होता. दुसरी मांजर्लीची राजसी. तिला घरूनच काम असल्यामुळे मशीन हलवता येत नव्हतं. "बेटा, मांजर्ली तो तेरे बदलापूर में ही है. देख लेगी?"

पुढच्या रविवारी बापलेक मांजर्लीला गेले. राजसी इमारतींची थ्रीडी चित्रं करून द्यायची; मशीन दिवसातून दोनदा बंद पडत होतं. यशोधराला उत्तर आधीच माहीत होतं. प्लग काढून तिने पट्टी मागच्या डाव्या कोपऱ्यात घातली.

शिरली नाही.

तिने दुसऱ्यांदा घातली. मग टॉर्च मारला. राजसीचं कार्ड आखूड होतं, ठोकळ्याला लागतही नव्हतं. "हे वेगळंच आहे," ती पुटपुटली.

शंकररावांनी मशीन चालू करायला लावलं, वीस मिनिटं वाट पाहिली आणि बोट टेकवलं. लगेच झटकून मागे घेतलं.

"कोमट नाही?"

"भाजतोय!"

"म्हणजे उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतेय. पुढे जायला जागा नाही," यशोधरा म्हणाली आणि तिने पहिल्यांदाच कॉम्प्युटरऐवजी त्याच्या भोवती पाहिलं. मांजर्लीत पुराचं पाणी शिरतं म्हणून राजसीच्या वडिलांनी मशीन उंचावरच्या लाकडी कपाटात ठेवलं होतं, आणि धूळ नको म्हणून कपाटाला दार लावलं होतं.

राजसी आणि तिचे वडील धरून चौघांनी मिळून ते कपाटातून काढून टेबलावर मांडलं. दार लावूनही पंख्यांतून धुळीचे पुंजके निघाले. तासाभरात आकडा एकोणसत्तरवर उतरला.

राजसीने चहा आणेपर्यंत शंकरराव तिच्या स्क्रीनसमोर बसले होते. त्यावर एक अर्धवट इमारत हळूहळू फिरत होती.

"हा जिना वर कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

"अजून काढायचा आहे, काका."

"मग काढ की," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आम्हाला काही घाई नाही."