खडूने झिजलेला अंगठा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. एक बाई रोज सकाळी तुमच्यासमोर येऊन उभी राहते, आणि तुम्ही रोज तिला तोंडावर सांगता, "ओळख पटत नाही."

मी तेच करते. मी अंगठा पाहून हजेरी लावणारे एक जुने मशीन आहे, एका खासगी कॉलेजच्या जिन्यापाशी भिंतीला टांगलेले. मला इथे बसवले तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. मी फुशारून गेले. त्यानंतर मात्र माझी काच कोणी पुसली नाही.

गणिताच्या मॅडम डस्टर शोधत बसत नाहीत. फळ्यावरची चूक अंगठ्यानेच पुसतात. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा खडूने झिजल्या आहेत. त्या रेषा मला दिसत नाहीत आणि मी लाल होते. तेवढ्यात जिन्यावरून मुले ओरडतात, "मॅडम, तुमच्या तासाला आम्ही पुढची बाकं धरून ठेवलीत!" मला भिंतीत शिरावेसे वाटते.

काल प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मशीनच्या हिशेबी तुम्ही आठवडाभर आलाच नाहीत."

"सर, परवा तुम्हीच माझ्या वर्गात डोकावला होतात."

"ते खरं. पण मशीन काय म्हणतं ते बघावं लागतं."

ते गेल्यावर शिपाईकाका हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका. मी दिवसभर स्टुलावर बसतो, मला बरं लगेच ओळखतंय."

मॅडम हसल्या, पण उसने. "शिकवायचा कंटाळा नाही हो, काका. पण रोज दारातच, मी आहे, हे पटवून द्यायचं? भाऊ त्याच्या ऑफिसात नोकरीला बोलावतोय. उद्या त्याला हो म्हणते."

मित्रांनो, आमची काच पुसत जा. आणि आमच्यावर भार टाकून समोरच्या माणसाकडे पाहणे सोडू नका. माझ्यामुळे एक चांगली शिक्षिका कॉलेज सोडून निघाली होती, ही लाज मला कोणी पुसून देणार नाही.

आज मॅडमची लेक सोबत आली होती. मी लाल झाले.

"आई, हे तुला ओळखत नाही?"

"नाही गं."

पोरीने फ्रॉकच्या टोकाने माझी काच पुसली. आईचा अंगठा दोन्ही मुठींत धरून त्यावर गरम फुंकर घातली, तो माझ्यावर दाबला आणि डोळे वटारून मला म्हणाली, "नीट बघ. ही माझी आई आहे."

मी हिरवे झाले.

"आता मामाला काय सांगायचं?"

मॅडमनी वर पाहिले. मुले कठड्यावरून वाकून वाट बघत होती. "तास झाल्यावर बघू," त्या म्हणाल्या.

लेकीने तो अंगठा सोडलाच नाही. तसाच धरून ती आईला जिन्यावरून वर ओढत घेऊन गेली.