पंचवीस लाखांचं झाड

पैसे काय झाडाला लागतात का, असं जग विचारतं. न्वे यीनच्या घरी ते दर वर्षी लागायचे. भिक्खूंना वस्त्रं द्यायचा, चीवरदानाचा महिना जवळ आला की आळीतल्या बायका वर्गणीच्या नोटा तिच्याकडे आणून द्यायच्या. ती त्यांचे पंखे, फुलं, होड्या करून बांबूच्या फांद्यांना दोऱ्यानं बांधायची, आणि भरलेला कल्पवृक्ष वाजतगाजत विहारात जायचा. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या पुण्याची झाडं बांधली. स्वतःचं एकही बांधलं नाही, कारण एका फांदीपुरता पैसा कधी हाताशी राहिला नाही.

यंदा राहिला, पण तो न राहता तर बरं झालं असतं. तिचा मुलगा तुन लिन सरपण आणायला गेला आणि त्याचा पाय सुरुंगावर पडला. सुरुंग कुणी पुरला हे कुणी सांगत नाही आणि शहाणा माणूस विचारत नाही. सुनेनं, ए फ्यूनं, त्याला होडीत घालून मंडालेच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी बसवाल्याबरोबर तिचा निरोप आला. पाय घोट्याच्या वर सडत चालला होता. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पंचवीस लाख क्याट भरले तर डॉक्टर पाय कापून जीव वाचवणार होते. न्वे यीननं बांगड्या विकल्या, घरामागची जागा विकली, आणि शुक्रवारी दुपारी दहा-दहा हजारांच्या अडीचशे नोटा तिच्या मांडीवर होत्या.

आता त्या न्यायच्या कशा? मंडालेच्या वाटेवर सैन्याचे पाच तपासणी नाके होते.

"फोनवर टाक की," तिची थोरली बहीण म्या थाँ पान चघळत म्हणाली.

"ताई, सात महिने झाले नेट बंद होऊन. फोनचा उजेड पाडून लोक संडासला जातात, तेवढाच त्याचा उपयोग."

"मग हुंडीवाला?"

"दुकानाला सील लागलंय. आणि तो कुठं आहे ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही."

"सोनं मोडायचंच नव्हतंस. गळ्यात घालून गेली असतीस."

"गळ्यासकट ओढतात हल्ली."

"लुंगीच्या काठात शिव मग!"

"त्या कांदेवाल्या तिन एचं काय झालं? काठ उसवून आठ लाख काढले, वर विचारलं, जंगलातल्या बंडखोर पोरांना पोचवतेस काय? पैसे तर गेलेच, बाई तीन आठवडे आत होती."

 न्वे यीन कोपऱ्यात उभ्या असलेल्या बांबूच्या सांगाड्याकडे बघत होती. बहिणीची नजर तिच्या नजरेमागून तिथं गेली, आणि ती पान थुंकून उठलीच.

"नाही हं! हे नाही करायचं. दानाचं म्हणून एकदा चारचौघांत बाहेर काढलं की ते दानाचंच झालं. परत त्याला हात लावायचा नसतो."

"बुद्धाला कळेल कुणाचा पाय आहे ते."

"आणि नाक्यावरच्यांना?"

"त्यांना नरकाची भीती आहे. आपल्यापेक्षा जास्तच असेल, कामंच तशी केलीत."

म्या थाँनं कपाळाला हात लावला. पण दोरा ओवून तिनंच दिला.

तसं झाड न्वे यीननं आयुष्यात बांधलं नव्हतं. अडीचशे पंखे, एकाही नोटेला नको तिथं चुणी नाही. वर आळीच्या दानमंडळाच्या नावाची पट्टी लावली, म्हणजे एवढा पैसा एका म्हातारीकडे कुठून हा प्रश्न नको. दवाखान्याजवळच्या एका विहाराचं नाव पाठ केलं. तिकिटापुरते नऊ हजार तेवढे रुमालात बांधले. स्वतःच्या हातची करामत बघून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

शनिवारी सकाळी पहिल्या नाक्यावर कोवळा शिपाई बंदूक सावरत बसमध्ये चढला. झाड दिसताच त्यानं टोपी काढली, हात जोडले आणि कुणाची पिशवीही न उघडता उतरला. दुसऱ्या नाक्यावर तर कमालच झाली. कंडक्टर क्याव थूकडून एरवी चहापाणी उकळणाऱ्या शिपायानं आज काही न मागता स्वतःच्या खिशातली पाचशेची नोट काढून एका पंख्यात खोचली. न्वे यीनला हसू आवरेना, म्हणून तिनं तोंडावर हात धरला.

"मावशी, रोज येत जा हो," बस सुटल्यावर क्याव थू म्हणाला. "बारा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या खिशात दुसऱ्याचा हात गेला नाही."

मग प्रवाशांनाही भरतं आलं. वाळकी मासळी नेणाऱ्या बाईनं दोनशे दिले, एका पोरीनं हजार दिले, मागच्या बाकावरच्या पांगळ्या म्हाताऱ्यानं शंभराची मळकी नोट हातोहात पुढं पाठवली. प्रत्येक नोटेला बस "साधु, साधु" म्हणे. न्वे यीन त्या नोटा एका वेगळ्या फांदीला बांधत गेली. एवढ्या मात्र खरंच विहारात द्यायच्या, तिनं ठरवलं. म्हाताऱ्याची नोट बांधताना तिला बहिणीचे शब्द आठवले. तिसरा नाका गेला, चौथा गेला. अजून दहा वाजायचे होते. जमलं, असं ती मनात म्हणाली.

पाचव्या नाक्यावर एक कॅप्टन होता. चाळिशीचा, हडकुळा, मनगटाला जपमाळ. झाड बघून तो चक्क रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकून बसला आणि तीनदा डोकं टेकवलं.

"कुठल्या विहारात चाललंय, मावशी?"

तिनं पाठ केलेलं नाव सांगितलं.

"मंडालेत? मंडालेत काय, रोज शंभर दाते येतात." त्यानं मागच्या टेकडीकडे बोट केलं. "तिथं विहार आहे. खालचं गाव उठून गेलं. यंदा चीवरदानाला एक माणूस नाही, भंते एकटे आहेत. सकाळी मी मनात म्हणालो, आज कुणीतरी येऊ दे. आणि तुम्ही आलात."

"साहेब, आळीनं त्याच विहाराचा नवस बोललाय."

"पुण्याला पत्ता नसतो, मावशी. तुमच्या आळीला मी चिठ्ठी देतो."

"खरंय साहेबांचं!" मासळीवाली म्हणाली. "आम्हालाही सोहळा मिळेल." सगळी बस खाली उतरायला लागलीसुद्धा.

खरं सांगावं का? न्वे यीनच्या जिभेवर आलं होतं. पण सुरुंग म्हटला की हे विचारणार, पोरगा जंगलात काय करत होता? कुठल्या दवाखान्यात आहे? पायाच्या जखमांची पोरं दवाखान्यातून उचलून नेल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि ती परत आल्याचं ऐकलं नव्हतं. पैसे गेले तर मुलगा कदाचित मरेल. बोललं तर नक्की मरेल. ती गप्प उतरली.

कॅप्टननं झाड स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि अनवाणी टेकडी चढला. वाटेत वाऱ्यानं एक पंखा उडाला, तर एक शिपाई काट्यांतून रक्तबंबाळ पायांनी धावत जाऊन तो घेऊन आला. एका नोटेलाही कुणी हात लावला नाही. उलट कॅप्टननं आपले दहा हजार लावले. लुटारू असते तर अर्धे सोडले असते, त्यांना विनवता आलं असतं. ह्याला काय विनवणार?

तयारीतच दोन तास गेले. शिपायांनी विहार झाडला, भात शिजवला. मग मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेले भंते येऊन बसले. झाडापुढं न्वे यीनला बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. शेजारी कॅप्टन हात जोडून बसला.

"कशासाठी देतेस, उपासिके?" भंतेंनी विचारलं.

"मुलाच्या पायासाठी."

भंतेंनी पांढरे डोळे तिच्या दिशेनं वळवले. 

"मन राजी आहे ना? मन राजी नसेल तर ते दान होत नाही. मला घेता येणार नाही."

एवढं एक दार होतं. नाही म्हटलं असतं तर भंतेंनी झाड परत केलं असतं, तिला त्यात शंका नव्हती. पण कॅप्टननं मान वळवली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. पायाला काय झालंय, हे तो आता विचारणार होता.

"राजी आहे, भंते," न्वे यीन म्हणाली. "संधिवात आहे त्याला. जुना."

तिनं थेंब थेंब पाणी सोडलं. तीनदा "साधु" झालं. तिसऱ्या वेळी तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, कारण तिला ओरडून रडायचं होतं आणि दुसरी सोय नव्हती.

दाराशी एक हवालदार छापील दानपत्रांचा गठ्ठा घेऊन बसला होता. "पुण्य कुणाच्या नावानं?"

"तुन लिन. माझा मुलगा."

हवालदाराचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्यानं जपून नाव लिहिलं, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी कागद तिला दिला. "सोसा, मावशी," तो म्हणाला.

शिपायांनी सगळ्या बसला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बस निघाली तेव्हा तीन वाजून गेले होते. प्रवासी तृप्त होते, मासळीवालीनं न्वे यीनचे पाय शिवले. मंडालेत क्याव थू भाडं गोळा करत तिच्यापाशी आला, तिनं रुमालाची गाठ सोडली, तर त्यानं कान पकडले.

"तुमच्याकडून भाडं घेऊ? नरकात जाईन, मावशी!"

दवाखान्याच्या फाटकात ए फ्यू उभी होती. डोळे खोल गेलेले, हातात पैसे भरायचा फॉर्म. सासू दिसताच ती धावत आली.

"आणलेत, आई? पाय मांडीपर्यंत काळा पडलाय. डॉक्टर तयार आहेत, फक्त पावती मागताहेत."

न्वे यीननं रुमाल उघडला. नऊ हजार. मग, काहीतरी द्यायलाच हवं म्हणून, दानपत्र तिच्या हातात ठेवलं.

ए फ्यूनं ते वाचलं. रक्कम वाचली. मग वरची ओळ पुन्हा वाचली.

"आई," ती म्हणाली, "ह्यात ह्यांच्या नावाआधी दिवंगत लिहिलंय."

पाचाला दहा मिनिटं कमी होती. पैसे भरायची खिडकी अजून उघडी होती.