पुडीवर नसलेलं नाव

घाबरू नका, शिंक येणार नाही. माझ्या उखळांत आता तिखटाचा कणसुद्धा उरलेला नाही. मी डंख बोलतोय, मिरची कुटायचं यंत्र. उचगावचा, ललिताबाईंचा.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. एका फौंड्रीत माझी उखळं ओतली, शेजारच्या वर्कशॉपात मुसळं जोडली, मोटर बसवली, पट्टा चढवला. ज्या मिस्त्रीनं मला उभं केलं त्याचं नाव धम्मपाल. तो मालकासाठी असे पुष्कळ डंख जोडायचा. मला मात्र त्यानं स्वतःच्या बायकोसाठी जोडलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझी मुसळं अशी काही धडधडली की तो एकटाच मोठ्यानं हसला.

ललिताबाई माहेरच्या वारणानगरकडच्या. चटणीची चव त्यांच्या हातात होती. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं लाल तिखट. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, सगळं भाजून मिरचीबरोबर कुटलेलं. त्यांच्या कोल्हापुरातल्या वस्तीत कुणाचंही लग्न असो, चटणी करायला ह्यांनाच बोलावणं. "एवढ्या जणींची फुकट करतीस, मग धंदाच कर की," असं धम्मपाल एकदा सहज म्हणाला आणि ललिताबाईंनी ते मनावर घेतलं.

एकोणीसशे ब्याण्णवचा उन्हाळा असेल. कोल्हापूरशेजारच्या उचगावात आक्कांच्या घरामागच्या परड्यात पत्र्याची एक खोली होती. आक्का म्हणजे घरच्या शेतीवाडीच्या, गोठ्यात म्हशी, गावात शब्दाला वजन. त्यांनी खोली भाड्यानं दिली आणि पहिली मिरचीही स्वतःच घेऊन आल्या. बाहेर पाटी लागली, 'साक्षी मिरची कांडप'. साक्षी ही ललिताबाईंची मुलगी, तेव्हा रांगत होती.

काय दिवस होते ते! होळी झाली की दारात डब्यांची रांग. बायका पदरानं नाक-तोंड बांधून बसायच्या, शिंकायच्या, डोळे पुसायच्या आणि तरी बोलायच्या थांबायच्या नाहीत. माझ्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जात नाही असं त्यांना वाटायचं. मला सगळं ऐकू यायचं. कुणाची सून उलट बोलते, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोटात काय दुखतंय. प्रत्येकीला आपलीच मिरची चांगली वाटायची. आधीच्या बाईचं तिखट आपल्यात मिसळू नये म्हणून त्या माझी उखळं पुन्हा पुन्हा झाडून घ्यायच्या. ललिताबाई हसून झाडायच्या. कुणाचं खोबरं कमी भाजलंय हे त्या नुसत्या वासावरून सांगायच्या आणि परत भाजून द्यायच्या, जादा काही न मागता.

एखादी नवी बाई विचारायची, "आडनाव काय म्हणायचं तुमचं?" तर आक्काच मध्ये पडायच्या. "वारणंकडची पोरगी हाय. आमच्या वळखीची. तू तुझी मिरची बघ की."

मग एका एप्रिलात ललिताबाई बाबासाहेबांचा फोटो घेऊन आल्या. चांगला काचेचा, चौकटीतला. धम्मपालनं तो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"घरात लाव की ललिता. हितं कशाला?"

"घरात नमस्कार करायचा आन हितं वळख न्हाय म्हणायचं? मला न्हाय जमत."

"धंदा हाय त्यो. लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू हाय."

"म्हणूनच लावतो," ललिताबाई म्हणाल्या. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी लावतो, मी येतो' असंच बोलतात. त्यांनी स्वतःच खिळा ठोकला.

दुपारी दोघी जणी डबे घेऊन आल्या. भिंतीकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं. "मोटर तापली असंल बाई तुमची. मागनं येतो," असं म्हणून गेल्या. माझी मोटर त्या दिवशी चालूच झाली नव्हती.

कुणी भांडलं नाही. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. मारला असता तर ललिताबाईंना उलट बोलता तरी आलं असतं. कुणाला यंदा माहेराहून चटणी आली, कुणाच्या सासूला तिखट बंद केलं डॉक्टरांनी. वस्तीतल्या बायका, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या काही जणी आणि थोड्या इतरही येत राहिल्या. पण रांग संपली ती संपलीच.

शेवटी आक्का आल्या. हातात डबा नव्हता.

"मला काय ठावं न्हवतं व्हय गं? पयल्या दिसापास्नं ठावं हाय. मी कुणाला बोललो काय? झाकून घेतलंतं की. तू कशाला उघडं केलंस?"

"आक्का, ह्यात झाकण्यासारखं काय हाय?"

आक्कांनी भिंतीवरच्या फोटोकडं एकदा बघितलं. मग डोळ्याला पदर लावला. खरंच रडत होत्या त्या. "माझं काय न्हाय गं. पर लोकं मला इचारत्यात," एवढं म्हणून गेल्या. त्यांनी खोली रिकामी करायला कधीच सांगितलं नाही. आणि मिरचीही पुन्हा कधी आणली नाही.

त्या रात्री धम्मपाल एकदाच म्हणाला, "मी सांगितलं न्हवतं?" ललिताबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा तो ते वाक्य बोलला नाही.

माझ्या मुसळांवर गंज चढू लागला होता, तेव्हा विजयसिंह आले. कोल्हापुरात त्यांचं किराणा दुकान, धम्मपालच्या वर्कशॉपासमोर. धम्मपालच्या जेवणाच्या डब्यातली चटणी त्यांनी चाखली होती. माणूस गोड बोलायचा. पोत्यावर बसला, चहा प्याला.

"ताई, मी तसलं काय मानत न्हाय. पर बाजार मानतो. चटणी तुमची, पुडी माझी. पुडीवर तुमचं नाव नको."

ललिताबाई हो म्हणाल्या. या वेळी धम्मपाल अडून बसला. "फोटो लावताना ऐकलं न्हाईस माझं. आन आता नाव सोडतीस?"

"पोरीला शिकवायचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

पुडीवर विजयसिंहांच्या आईचं चित्र आलं. नऊवारी लुगडं, मोठं कुंकू. मी पुन्हा दिवसभर धडधडू लागलो. चटणी कोल्हापुरात गेली, सांगली-साताऱ्याला गेली. आणि गंमत म्हणा, उचगावातही आली. ज्या बायकांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती त्याच दुकानातून ती पुडी मागून न्यायच्या.

एकदा आक्का परड्यातून हाक मारत आल्या. "ललिता, ती पुडीतली चटणी खातोय गं मी. तुझ्याच हातची चव लागतीया बघ."

"माझीच हाय आक्का."

आक्का थबकल्या. मला वाटलं, आता काहीतरी बरं घडणार. त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "व्हय? मग कुणाला बोलू नगंस हां."

ललिताबाई मान खाली घालून चटणी चाळत राहिल्या.

विजयसिंह अधूनमधून यायचे, गप्पा मारत बसायचे. धने किती, तीळ किती, कांदा उन्हात किती वाळवायचा, मिरची तेलात परतायची की कोरडी भाजायची. ललिताबाई सगळं सांगायच्या. चटणी करणाऱ्या बाईला कुणी मनापासून विचारलं की ती सांगतेच. त्यांनाही बरं वाटायचं, कुणी तरी विचारतंय म्हणून.

पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत विजयसिंहांचा कारखाना उभा राहिला. मोठाली यंत्रं, पांढऱ्या फरशा, दारात शोभेची झाडं. "आता मशिनवर हुतंय ताई," ते म्हणाले. "पर तुम्हाला मी सोडणार न्हाय. भाजणीचं काम बघायला या की." ललिताबाईंनी नाही म्हणून सांगितलं. पण त्याच वर्षी धम्मपालचं वर्कशॉप बंद पडलं, मालकानं जागा विकली. साक्षी कॉलेजात होती. ललिताबाई कारखान्यात जाऊ लागल्या. डोक्याला टोपी, अंगात निळा गाऊन. पहाटे बस पकडून जायच्या आणि दुसऱ्याच्या पुडीसाठी आपलीच चटणी भाजायच्या.

खोलीत आता फक्त मी आणि एक जुना टीव्ही. रविवारी ललिताबाई तिथं बसून कपडे शिवायच्या. अशाच एका रविवारी गावच्या केबलवर विजयसिंहांची मुलाखत लागली. यशस्वी उद्योजक, तरुणांना काय सांगाल, असं काहीसं. विजयसिंह म्हणाले, "जिद्द सोडू नका. लहानपणी आई उखळात मिरची कुटायची, ती चव मी जगाला दिली. माझ्या यशामागं दुसरं कुणी न्हाय, फक्त आई." समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साक्षी ताडकन उठली. "मी जातो त्याच्याकडं. इचारतो, कुणाच्या आईची चव ती!"

"खाली बस."

"आई, अगं धडधडीत खोटं बोलतोय!"

"इचारून ये. मग उद्या कामावर कोण जाणार? तू?"

साक्षी परत खाली बसली. मला सगळ्यात वाईट याचं वाटलं की ललिताबाईंना राग आला नव्हता. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि शिवण पुढं सुरू केली. फोटोसाठी खिळा ठोकणारी बाई त्या खुर्चीत नव्हती. ती कधी निघून गेली ते मलाही कळलं नाही.

आता आक्का राहिल्या नाहीत. त्यांचा मुलगा परड्यात दुकानगाळे बांधतोय. माझ्यासाठी भंगारवाल्याचा टेम्पो आलाय. काल साक्षी माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, दुसरीकडं जागा बघू. आपल्या नावानं चालू करू. आता काळ बदललाय."

ललिताबाई खोकल्या. भाजणीचा धूर त्यांच्या छातीत बसलाय. "तुला बदललेला दिसतोय, बरं हाय," त्या म्हणाल्या. "मला न्हाय दिसत. घिऊन जाऊ दे."

मला उचलायला चौघं जण लागले. मी जाताना ललिताबाई नव्हत्या, पहिल्या पाळीला गेल्या होत्या. आता मी वितळेन आणि माझं दुसरंच काही होईल.

जाता जाता एवढंच. तुम्ही मला विचाराल, यात दुष्ट कोण? मी रात्रंदिवस आठवतोय. माझ्या दारात बसून शिंकणाऱ्या, हसणाऱ्या, एकमेकींच्या लेकरांना मांडीवर घेणाऱ्या त्या सगळ्या चांगल्या बायका होत्या. आक्का तर लाखात एक. विजयसिंहसुद्धा ललिताबाईंना ताईच म्हणायचे, दिवाळीला साडी द्यायचे. दुष्ट एकही माणूस मला सापडत नाही. सापडला असता तर थोडी आशा राहिली असती. येतो मी.