टोकावड्याच्या नाक्यावरची गुणाबाई

कल्याणची नोकरी सोडून मी टोकावड्यात जाहिरातीची कामं घ्यायला लागले, तेव्हा अख्ख्या आळीने मला शहाणपण शिकवलं. ढाब्याचे फोटो मोबाइलवर टाकायचे कोणी पैसे देतं का, म्हणे. देतात की. दोन ढाबेवाले देतात, मुरबाडची एक शिवणक्लासवाली देते, शहापूरची एक संस्था देते, वर चहाबरोबर चार सल्ले फुकट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एवढंच सांगितलं होतं, "मनस्वी, म्हशाच्या जत्रेपर्यंत बघ. नाय जमलं तर गुमान नोकरी धर."

म्हणून गुणाबाईच्या बचत गटाचं काम मिळालं तेव्हा मी हरखले. गटातल्या बाया हातसडीचा तांदूळ विकतात. म्हसा गावच्या त्या जत्रेत त्यांचं दुकान लागायचं होतं आणि त्याची सगळी जाहिरात माझ्याकडे. हे जमलं तर बाकीचे गट आपोआप येणार. फसलं तर कल्याण.

माळशेजला जाणाऱ्या गाड्यांना दिसेल असा बॅनर आधी नाक्यावर लावायचा होता. आमच्याकडच्या बॅनरवर नुसती तोंडंच तोंडं. साहेब, भाऊ, दादा, खाली शुभेच्छुकांची चिल्लीपिल्ली. मला त्या गर्दीचा भयंकर तिटकारा. मी ठरवलं, चेहरा एकच. गटाची अध्यक्ष गुणाबाई, साठी ओलांडलेली, हसली की डोळे बारीक होतात. मागे पांढरंशुभ्र, कडेने भाताच्या लोंब्या, मोठ्या अक्षरांत 'आमची गुणाबाई' आणि खाली, बारीक, 'हातसडीचा तांदूळ'. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती अशाच असतात. बॅनर लागला तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईचा फोन. ती गटाचा हिशेब बघते, आणि बोलायला लागली की आपण फक्त ऐकायचं असतं.

"काय करून ठेवलंस गो? गुणीच्या दारात रडारड चाललीय. मानसं मयताला आल्यात."

आधी मला काही कळेचना. मग कळलं. पांढऱ्यावर एकटा म्हातारा चेहरा, भोवती फुलांसारखं काहीतरी, खाली नाव. असा बॅनर आमच्याकडे एकाच कारणासाठी लागतो, भावपूर्ण श्रद्धांजलीसाठी. चालत्या एसटीतून बारीक अक्षरं कोण वाचत बसणार? जन्म इथलाच ना माझा? मग एवढी साधी गोष्ट सुचू नये?

धावतच गेले. अंगणात पाहुणे ओशाळून बसले होते. गुणाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आणि ओट्यावर तिचा भाऊ धाऊ, बातमी ऐकून म्हशाहून पहिल्या गाडीने आलेला, टॉवेलात तोंड खुपसून रडत होता. बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला नाही, म्हणून हा माणूस कित्येक वर्षं तिच्या दारात आला नव्हता. भाचीच्या लग्नालासुद्धा नाही. आता बहीण समोर धडधाकट दिसत होती, तरी त्याचं रडणं थांबत नव्हतं.

चिमाबाईने मला बघितलं आणि तोफ डागली. "आत्ताच्या आत्ता उतरव तो. अपशकुन नुसता. जत्रेचं काम आमी दुसऱ्याला देऊ." बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या.

एरवी मी भांडले असते. भांडायला मला कारण लागत नाही. पण चूक धडधडीत माझी होती. कल्याणचं ते ऑफिस, तो कोंदट जिना, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"उतरवते," मी म्हणाले.

गुणाबाईने सूप खाली ठेवलं. "नाय उतरवायचा."

"अगो गुणे, मेलेल्या मानसाचा वाटतो तो," चिमाबाई म्हणाली.

"वाटू दे. आपल्यात एकल्या बाईचा फोटो मेल्याबिगर लागतो कुठं? आनि मेल्यावर मी काय बघाया येनार? माजा जितेपनी लागला. काल सांजचं नाक्यावर जाऊन बघून आले मी. लय येळ उभी व्हते."

मला रडू फुटलं आणि ते लपवता येईना.

"जत्रेचं काम हीच करल," गुणाबाई म्हणाली. "फकस्त तांदूळ मोठ्या अक्षरात लिव गो बाय."

मग ती ओट्याकडे वळली. "धाऊ, आता उगी रहा. आलास ना? मी खरी मेल्यावर नाय आलास तरी चालंल. आज जेवून जा."

धाऊने टॉवेल खांद्यावर टाकला आणि हातपाय धुवायला तो मागच्या दारी गेला.